चार सुताची लेखणी

नशिराबादला जर्मनचे पेन तयार होते असे सांगितले की बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, सुटे भाग जर्मनीहून येतात का? त्याचा दोष नाही. खानदेशात, आणि महाराष्ट्राच्या इतरही बऱ्याच भागांत, ॲल्युमिनियमला ‘जर्मन’ म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मनची ताटली, जर्मनचा डबा. आमच्या गावातले पेन त्याच जर्मनचे आहे. मोडीत निघालेली भांडी आणि मोटारीचे निकामी पिस्टन वितळवून त्यांची सळई ओतायची, आणि जुन्या लेथवर ती कातून पेन करायचे. जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये महामार्गावर आमचे गाव आहे. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हे काम चालते. करणाऱ्या गृहस्थांनी नाव छापायचे नाही अशी अट घातली आहे, म्हणून या लेखात मी त्यांना मिस्त्री एवढेच म्हणेन.

वर्कशॉपातली भाषा ऐकण्यासारखी असते. मापे अजून सुतात चालतात. आठ सुतांचा एक इंच. पेनाची नळी चार सुताच्या सळईतून निघते, म्हणजे अर्धा इंच, आजच्या मापात 12.7 मिलिमीटर. सूत म्हणजे धागाही. आणि लेथवर वस्तू फिरवून तिला आकार देण्याला मराठीतला जुना शब्द कातणे हाच आहे. कातारी, कातकाम हे शब्द त्यातलेच. चरख्यावर सूत कातायचे आणि लेथवर सुतात मोजून कातायचे. कापसाच्या मुलखात हा योगायोग मला आवडतो. त्यावर सिद्धांत उभारण्याचा माझा विचार नाही, पण पुढे चरखा या गोष्टीत येणार आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. जे शिकलो ते ग्रंथालयात बसून, आणि त्याहून जास्त जुन्या बाजारात उकिडवे बसून. गेली पंधरा-सोळा वर्षे जुनी पेने जमवतो. हाताने कातलेली जी जुनी शाईची पेने हाती येतात ती जवळजवळ सगळी काळी किंवा तपकिरी, म्हणजे एबोनाइटची. जर्मनचे शाईपेन मात्र भेटत नाही. मला हे खटकत राहिले. लेथ होता, कारागीर होता, जर्मनची मोड तर घरोघर होती. एबोनाइटची कांडी विकत आणावी लागे आणि मोड दारात येई. मग कातारी माणसाने महागडी काळी कांडीच का धरली?

एबोनाइट म्हणजे कडक रबर. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवले की शिंगासारखा कठीण पदार्थ तयार होतो. अमेरिकेत 1851 मध्ये नेल्सन गुडइयर यांनी त्याचे पेटंट घेतले, आणि 1884 मध्ये लुईस वॉटरमन यांच्या पेटंटानंतर झरणी म्हणजे फाउंटन पेन रोजच्या वापरात रुळू लागले तेव्हा त्याची नळी याच पदार्थाची होती. आपल्याकडे हाताने कातलेल्या पेनाचे सर्वांत गाजलेले घराणे आंध्रातल्या राजमहेंद्रीचे. के. व्ही. रत्नम यांनी 1932 मध्ये तिथे पेने करायला सुरुवात केली. त्यांचे पेन जे. सी. कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींना पोहोचले, आणि 16 जुलै 1935 रोजी गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचे पत्र लिहिले. पेन वापरून पाहिले, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय ठरेल असे दिसते, असा त्याचा आशय. स्वतः गांधीजी बोरूच्या लेखणीचे पुरस्कर्ते. त्यांनी यंत्रावर कातलेल्या पेनाला दिलेले हे प्रमाणपत्र मोजून-मापून दिलेले आहे, उत्साहाने नव्हे.

वर्धा हे ठिकाण इथे महत्त्वाचे आहे. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे काम मगनवाडीतून चाले आणि कुमारप्पा त्याचे सूत्रधार. एखादी वस्तू स्वदेशी की नाही हे ठरवताना कारखाना कुणाच्या मालकीचा एवढे विचारून त्यांचे भागत नसे. माल कुठला, हात कुणाचे, पैसा शेवटी कुठे जातो, हे प्रश्न ते विचारत. दीडच वर्षात हे प्रश्न आमच्या दारात आले. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन फैजपूरला भरले, खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी टिळकनगर सजवले, आणि खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. अधिवेशनावर आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, ठराव पाठ असलेली माणसे आहेत. प्रदर्शनाकडे मात्र आपण सजावट म्हणूनच पाहत आलो. माझ्या मते खानदेशातल्या कारागिराच्या दृष्टीने प्रदर्शन हेच अधिवेशन होते.

आता मूळ प्रश्नाकडे. जर्मनचे शाईपेन का झाले नाही, याचे उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी मिस्त्रींकडून मुद्दाम एक करून घेतले. जुन्या पद्धतीचे, ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे. नळी जर्मनची, जीभ आणि निब जुन्या पेनातली. दिसायला राजबिंडे पेन झाले. डिसेंबरातल्या सकाळी त्याने चार ओळी नीट लिहिल्या आणि पाचव्या ओळीवर शाईचा टपोरा थेंब टाकला. पुसून पुन्हा धरले, पुन्हा थेंब.

हिशेब सोपा आहे. अर्धे भरलेले पेन म्हणजे अर्धी नळी हवा. समजा दोन मिलिलिटर हवा आहे. आमच्याकडे थंडीत सकाळी पारा बारा अंशांपर्यंत उतरतो. हाताच्या उबेने नळीतली हवा तीसच्या आसपास गेली तर ती सहा टक्क्यांनी फुगते, म्हणजे एक अष्टमांश मिलिलिटर. एक थेंब एक विसांश मिलिलिटरचा धरला तर अडीच थेंब शाई बाहेर ढकलली जाते. ही फुगण्याची क्रिया एबोनाइटच्या पेनातही होते, पण एबोनाइट उष्णता अत्यंत सावकाश आत सोडते, तेवढ्या वेळात शाई लिहिण्यात खर्च होते. ॲल्युमिनियम एबोनाइटच्या हजार पटीने जास्त उष्णतावाहक आहे. हात लागला की हवा फुगलीच. (गंमत म्हणजे मे महिन्यात हे पेन शहाण्यासारखे वागते. खोलीतच चव्वेचाळीस अंश असतात, तेव्हा हात त्याला तापवण्याऐवजी गारच करतो.)

दुसरे कारण शाईचे. जुनी ब्ल्यू-ब्लॅक शाई मायफळ आणि हिराकस यांच्या संयोगाची, चांगलीच आम्ल. हवेत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण तीव्र आम्लात किंवा अल्कलीत तो थर टिकत नाही. चिंचेचे सार जर्मनच्या भांड्यात ठेवू नये हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता कळले होते. शाईही तशीच. नळी आतून खात जाते, गाळ होतो, गाळ जिभेच्या चिरेत बसतो आणि पेन मुके होते. एबोनाइटला शाईचे काही वाटत नाही. थोडक्यात, कातारी माणसाने महाग कांडी धरली ती हौसेने नव्हे. जर्मन आणि शाई यांचे जमत नव्हते. जर्मनच्या लेखणीला वाट पाहावी लागली ती शाई स्वतःच्या वेगळ्या नळीत बंद होऊन येईपर्यंत, म्हणजे रिफिलची.

रिफिल आली ती विमानांच्या संगतीने. हंगेरीतून अर्जेंटिनात गेलेल्या लास्लो बिरो यांनी 1943 मध्ये तिथे बॉलपेनचे पेटंट घेतले. उंचावर हवेचा दाब उतरला की शाईपेन ओकते. बॉलपेन ओकत नाही. म्हणून ब्रिटिश हवाई दलाला ते हवेहवेसे झाले, आणि इंग्लंडमध्ये त्याचे उत्पादन करायला पुढे आले ते फ्रेडरिक माइल्स, म्हणजे विमाने बांधणारे गृहस्थ. युद्ध संपले आणि 29 ऑक्टोबर 1945 रोजी न्यूयॉर्कच्या गिंबेल्स दुकानात मिल्टन रेनॉल्ड्स यांनी साडेबारा डॉलरला बॉलपेन विकायला काढले. पहिल्याच दिवशी हजारोंनी खपले. त्या पेनाचे अंग ॲल्युमिनियमचे होते. लढाऊ विमानांचे कारखाने थंडावले होते, धातू मोकळा झाला होता. रेनॉल्ड्सचे पेन लिहायला सुमार होते, गळतही असे. तरी जर्मनच्या पेनाचा आद्य पूर्वज शोधायचा तर तो हाच.

आपल्याकडे ॲल्युमिनियम भांड्यांच्या रूपाने आधीच रुळले होते. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 मध्ये ॲल्युमिनियमकाम सुरू केले होते, धातू आयातीचा. देशात धातू गाळणे सुरू झाले ते युद्धकाळात, 1943 मध्ये केरळातल्या अलवाय इथे आणि पाठोपाठ आसनसोलला. रेणुकूटचा कारखाना 1962 चा. युद्धानंतर विमानांचे सांगाडे जागोजाग पडून होते. कानपूरला मोडतोड करून टाकलेल्या लिबरेटर बाँबफेकी विमानांतून बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने 1948 मध्ये विमाने पुन्हा उडती केली आणि हवाई दलाने त्यातली चाळीसहून अधिक वापरली. भंगारातून विमान उभे करणाऱ्या देशात भंगारातून पेन ही काही मोठी मजल नव्हे, असे मिस्त्रींना हे ऐकवल्यावर ते म्हणाले. वर विचारले, “पण त्या विमानाचे आटे इंचात होते की मिलिमीटरमध्ये?”

त्यांचा प्रश्न विनोदाचा नव्हता. माझ्या या सगळ्या खटाटोपातला सर्वांत भक्कम पुरावा आट्यांचाच आहे, आणि तो मला त्यांनीच दाखवला. पेनाच्या टोपणाचे आटे लेथवर पाडतात तेव्हा ते लेथच्या लांब लीडस्क्रूच्या आणि दातेरी चाकांच्या हिशेबाने पडतात. विलायती लेथची लीडस्क्रू इंचावर बेतलेली, तेव्हा आटे इंचाला चोवीस, सव्वीस, बत्तीस असे निघतात. मेट्रिक लेथवर ते एक मिलिमीटर, पाऊण मिलिमीटर असे निघतात. इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर 127 दातांचे चाक जोडावे लागते, कारण एका इंचात 25.4 मिलिमीटर आणि त्याची पाचपट 127. हे चाक प्रत्येकाकडे नसे. वजनमापांचा मेट्रिक कायदा आपल्याकडे 1956 चा, पण लेथ काही कायद्याने बदलत नाही. पेन उघडावे, आट्यांवर पट्टी धरावी, एका इंचात किती कडा बसतात ते मोजावे; पेन कसल्या लेथवर झाले ते कळते. पेनावर नाव नसले, गावाचा शिक्का नसला, तरी लेथची ही सही राहते.

आणि लेथ इथे आले कसे? कापसाने आणि रेल्वेने. 1860 च्या दशकाच्या आरंभी लोहमार्ग भुसावळपर्यंत आला, अमेरिकेतल्या यादवीने आमच्या कापसाला भाव आला, 1874 मध्ये जळगावात खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. सरकी काढण्याच्या जिनमध्ये चामड्याचा रूळ असतो. तो झिजतो. चामड्याच्या चकत्या दांड्यावर दाबून बसवायच्या, लेथवर गोल कातायच्या आणि त्यावर तिरक्या खाचा पाडायच्या, हे काम हंगामभर चाले. जिथे जिन तिथे लेथ, आणि जिथे लेथ तिथे दहा गरजांना धावून जाणारा कातारी. 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्करची स्थापना झाल्यावर देशी लेथही मिळू लागले. मिस्त्रींचा लेथ एका बंद पडलेल्या जिनमधून आलेला, इंचाचा. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टरचे शाफ्ट, पंपाचे बुश, उसाच्या चरकाचे रूळ केले. पेन हा फावल्या वेळेचा उद्योग.

काम असे चालते. भंगारवाल्याकडून ते मोड स्वतः निवडून घेतात. वीजवाहक तारेला हात लावत नाहीत; ती बहुधा चोरीची असते. भांड्याचा जर्मन जवळजवळ शुद्ध आणि म्हणून मऊ. नुसता तो वापरला तर कातताना टूलला चिकटतो, पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो. पिस्टनमध्ये सिलिकॉन असते, तो कडक पण ठिसूळ, आणि टूलची धार खातो. दोन्ही साधारण निम्मे-निम्मे मिसळले की सळई मनासारखी येते. हे प्रमाण त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाही, पण धातुशास्त्राशी ते चांगले जुळते.

मोड आधी भट्टीच्या कडेला ठेवून पूर्ण वाळवायची, कारण ओल म्हणजे आत बुडबुडे. आणि वितळलेल्या रसात ओला तुकडा पडला तर वाफेचा स्फोट. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. दिवसाउजेडी ते पाऱ्यासारखे शांत, चकचकीत दिसते. नवख्याला भाजते ते त्यामुळे. वर आलेली मळी पळीने काढायची आणि तापवून ठेवलेल्या लोखंडी नळीत रस एका धारेत ओतायचा. थिजताना धातू सुमारे सहा टक्के आकसतो, म्हणून वरच्या टोकाला खड्डा पडतो. तेवढे टोक कापून परत भट्टीत.

मग लेथ. रॉकेलचे बोट टूलवर फिरवत कातायचे; ॲल्युमिनियमला रॉकेल मानवते. हल्ली रॉकेल मिळणे हेच मोठे काम झाले आहे, त्यामुळे मिस्त्री ते अत्तरासारखे वापरतात. सर्वांत कठीण भाग बाहेरचा आकार नव्हे, आतले भोक. जाड धातूची रिफिल 98 मिलिमीटर लांब आणि सुमारे सहा मिलिमीटर जाड असते. एवढे खोल भोक पाडताना ड्रिल भरकटते, भिंत एका बाजूला पातळ होते. दर दोन-तीन मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढून कीस झाडायचा, पुन्हा आत. टोकाला अडीच मिलिमीटरचे भोक नेमके मध्यावर आले तर रिफिल डुगडुगत नाही. आट्यांचा वेगळाच त्रास. जर्मनवर जर्मन फिरले की आटे एकमेकांना धरतात आणि पेन कायमचे बंद होते. म्हणून आत पितळेचा बुश बसवतात, तो जुन्या नळाच्या तोटीतून कातलेला. तयार पेन तीसेक ग्रॅमचे भरते. तेच पितळेचे असते तर तिप्पट जड झाले असते. एकच तक्रार राहते. ॲनोडाइझ न केलेला जर्मन बोटांना करडा रंग लावतो. पान भरून लिहिले की तर्जनी शिसपेन्सिलीसारखी दिसते.

आता वर्ध्याचा प्रश्न या पेनाला विचारून पाहू. माल आपल्या स्वयंपाकघरातला आणि आपल्या रस्त्यावरचा. हात आपले. राहिली रिफिल, आणि रिफिलमध्येही टोक. मिलिमीटरहून बारीक गोळी आणि तिला धरून ठेवणारी पोलादी वाटी, यातला फरक मायक्रॉनमध्ये सांभाळावा लागतो. जगातली बहुतेक बॉलपेने करणाऱ्या चीनलाही त्या टोकाचे पोलाद बाहेरून आणावे लागत होते. खुद्द पंतप्रधान ली केचियांग यांनी त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि तैयुआनच्या पोलाद कंपनीने ते घरी तयार केल्याची बातमी जानेवारी 2017 मध्ये आली. शाईपेनाच्या काळात निबेच्या टोकावरचा कठीण मणी हा स्वदेशीच्या वाटेतला काटा होता. आज तो रिफिलच्या टोकात आहे. कुमारप्पांनी हे पेन हातात घेतले असते तर नळीला पूर्ण गुण दिले असते आणि रिफिल उपसून बाजूला ठेवली असती, असे मला वाटते. आणि ते बरोबरच ठरले असते. पण नळीला मिळालेले गुण कुणाच्या नावावर जमा करायचे, हा प्रश्न तेवढाच खरा आहे.

कारण पेनांचा आपल्याकडचा लिखित इतिहास छापाच्या नावांचा आहे. दांडेकरांनी 1931 मध्ये शाईपासून आरंभ करून उभारलेली कॅम्लिन, मुंबईची 1951 ची एअरमेल. त्यांचा मान आहेच. पण जुन्या जाहिराती, नोंदणीची कागदपत्रे, पत्रव्यवहार मागे राहतो तो छाप असणाऱ्यांचा. जुन्या गॅझेटियरमध्ये नशिराबादची नोंद काचेच्या बांगड्यांसाठी आहे. गाव आले, बांगडी आली, ती करणाऱ्या एकाही माणसाचे नाव आले नाही. मिस्त्रींनीही नाव छापू नका म्हटले, तेव्हा मी आग्रह केला. ते म्हणाले, “पेनावर तरी कुठे आहे?”

त्यांचे वय आता सत्तरीकडे झुकले आहे. मुलगा चाकणला संगणकावर चालणाऱ्या लेथवर आहे. तो एका पाळीत जेवढे भाग काढतो तेवढे वडिलांनी वर्षात काढले नसतील, आणि दोघांनाही त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. जुन्या लेथचे वजन किती भरेल हे विचारायला एक भंगारवाला दोनदा येऊन गेला आहे. मी त्या लेथची लीडस्क्रू, चाकांचे दात आणि त्यावर पडणारे सगळे आटे वहीत उतरवून घेतले आहेत, पेनांचे मेणावर घेतलेले ठसेही ठेवले आहेत.

वाचकांपैकी कुणाच्या घरी आजोबांचे, काकांचे, शाळेतल्या गुरुजींचे असे बिननावाचे पेन असेल, काळे किंवा जर्मनचे, तर ते टाकून देऊ नका, फार घासूनही काढू नका. टोपण उघडा, आट्यांवर साधी पट्टी धरा, एका इंचात किती कडा येतात ते मोजा. आकडा, गावाचे नाव आणि ते घरात कधी आले एवढे तीन तपशील संपादकांच्या पत्त्यावर कळवले तरी पुरे. पावशतक, अर्धशतक गप्प असलेल्या एखाद्या लेथचा पत्ता त्यातून लागू शकतो. मोजताना आटे सुरुवातीच्या अर्ध्या फेऱ्यापासून धरू नयेत, दुसऱ्या पूर्ण कड्यापासून धरावेत.